उलटा लिलाव : भाव उतरतो कसा, आणि आपण सांभाळायचं काय



लिलाव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मार्केट यार्ड येतं. वणी असो, पांढरकवडा असो की दारव्हा. कापसाची गाडी उभी राहते, व्यापारी भोवती जमतात, एक जण भाव बोलतो, दुसरा त्यावर थोडा चढवतो. विकणारा कास्तकार एक, घेणारे अनेक, आणि भाव वर वर जातो. यालाच आपण हर्रास म्हणतो.

आता हेच चित्र उलटं करून बघा. घेणारा एक आणि विकणारे अनेक. घेणारा सांगतो, "मला अमुक माल, इतका, या तारखेला पाहिजे. कोण किती कमीत देतो, बोला." एक दुकानदार ५०० म्हणतो, दुसरा ४९०, तिसरा ४८०. भाव खाली खाली येतो. जो सगळ्यांत कमी बोलला, त्याला ऑर्डर. हा झाला उलटा लिलाव. इंग्रजीत त्याला रिव्हर्स ऑक्शन म्हणतात. हीच बोली फोनवर किंवा संगणकावर लागली की झाला ऑनलाइन उलटा लिलाव.

कंपन्यांसाठी असे लिलाव इंटरनेटवर भरवण्याचं काम अमेरिकेत पिट्सबर्ग शहरातल्या फ्रीमार्केट्स नावाच्या कंपनीने १९९५ च्या सुमारास सुरू केलं. आपल्याकडे २०१६ साली केंद्र सरकारने सरकारी खरेदीसाठी जेम पोर्टल सुरू केलं, त्यातही ही पद्धत आहे. म्हणजे विषय दूरचा वाटला तरी आपल्या दारापर्यंत आलेला आहे. आपल्याला तो तीन ठिकाणी भेटतो : ग्रामसंघ मिळून खरेदी करतो तेव्हा, आपला समूह सरकारी कार्यालयाला माल विकतो तेव्हा, आणि फोनवर कुणी "बोली लावा, स्वस्तात जिंका" म्हणून गळ टाकतो तेव्हा. तिन्ही वेळा आपली जागा वेगळी असते, म्हणून तिन्ही समजून घेऊ.

भाव उतरतो कसा?

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत.

समजा ग्रामसंघाला फवारणीचे ६० सुरक्षा संच घ्यायचे आहेत. एका संचात हातमोजे, मास्क, चष्मा, टोपी आणि ॲप्रन. चार दुकानदारांकडून बंद पाकिटात दरपत्रक मागवलं. पहिल्याने ५२० रुपये लिहिले, दुसऱ्याने ४९५, तिसऱ्याने ४८० आणि चौथ्याने ५६०.

आजपर्यंत आपण इथेच थांबत होतो. तीन-चार दरपत्रकं घ्यायची, सगळ्यांत कमी असेल त्याला ऑर्डर द्यायची, ठराव लिहायचा. उलटा लिलाव इथून पुढे सुरू होतो. सगळ्यांत महाग असलेला चौथा बाजूला राहिला. उरलेल्या तिघांना सांगितलं, "सध्या सगळ्यांत कमी भाव ४८० आहे. यापेक्षा कमी द्यायचा असेल तर अर्ध्या तासात बोला. दर वेळी निदान ५ रुपये कमी झाले पाहिजेत." दुसरा ४७० बोलला. पहिला ४६५. तिसरा ४५५. दुसरा ४५०. पहिला थांबला. तिसरा ४४५ बोलला आणि दुसराही थांबला.

भाव ठरला ४४५. दरपत्रकावर थांबलो असतो तर ६० संचांचे २८,८०० रुपये झाले असते. आता २६,७०० झाले. म्हणजे २,१०० रुपये वाचले.

जेमवर हेच काम संगणक करतो. आधी कागदपत्रं आणि माल अटीत बसतो की नाही हे तपासलं जातं, त्यात जे टिकले त्यांचीच बोली लागते. सगळ्यांत जास्त दर देणाऱ्याला बाहेर ठेवण्याची सोय असते. बोली चालू असताना विकणाऱ्यांना एकमेकांची नावं दिसत नाहीत. अगदी शेवटच्या मिनिटांत कुणी कमी भाव टाकला तर वेळ आपोआप वाढते, म्हणजे इतरांनाही उत्तर द्यायला संधी मिळते.

शेवटचा भाव कोण ठरवतं?

आपल्याला वाटतं, जिंकणाऱ्याने ठरवला. तसं नाही बरं का. आपल्या उदाहरणात तिसऱ्याला कदाचित ४२० पर्यंतही परवडलं असतं. पण दुसरा ४५० वर दमला, म्हणून तिसऱ्याला ४४५ च्या खाली जायची गरजच पडली नाही. म्हणजे शेवटचा भाव ठरतो तो सगळ्यांत शेवटी हरलेल्याच्या दमावर.

यातून आपल्या कामाची गोष्ट ही, की बोली लावणारे जितके जास्त आणि जितके एकमेकांपासून वेगळे, तितका भाव खरा. दोनच दुकानदार असतील आणि ते साडू-साडू असतील, तर भाव दहा रुपये उतरल्यासारखा दिसेल आणि तिथेच थांबेल. यार्डात व्यापाऱ्यांनी आपसात ठरवून घेतलं की कापसाचा भाव चढत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. इथे तेच होतं, फक्त भाव उतरत नाही. अशा साटंलोट्याला स्पर्धा कायदा, २००२ ने बंदी केलेली आहे. पण गावपातळीवर कायद्याआधी आपली नजर कामी येते. एक दुकानदार आपल्या गावचा, एक तालुक्याचा, एक यवतमाळचा, एक शेजारच्या जिल्ह्यातला असं बघा.

भाव बोलतो, माल मुका असतो

आता या लेखातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. उलट्या लिलावात सगळे फक्त आकडा बोलतात. माल कसा आहे हे कुणी बोलत नाही. दुकानदाराला भाव खाली आणायचा असतो, आणि तो दोन ठिकाणांहून आणता येतो. एक, स्वतःचा नफा कमी करून. दोन, माल हलका करून. आपण अटी पक्क्या लिहिल्या नसतील तर तो दुसरी वाट धरेल. त्यात तो लबाडच असतो असंही नाही. आपण "मास्क" एवढंच लिहिलं तर पातळ कापडाचा तुकडाही मास्कच असतो.

सुरक्षा संचाचं उदाहरण मुद्दाम घेतलं आहे. २०१७ च्या खरिपात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास कास्तकार आणि शेतमजूर दगावले. शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. कुणाचा नवरा होता, कुणाचा मुलगा. आणि पंपात पाणी ओतून देणारी, औषध कालवणारी बाईसुद्धा त्याच वाफेत उभी असते. अशा वस्तूत ३५ रुपये वाचवले आणि हातमोजा दुसऱ्या दिवशी फाटला, तर ती बचत कुणाच्या जिवावर झाली?

म्हणून नियम सोपा आहे. माल आधी ठरवायचा, भाव मग बोलायचा. हातमोजे रबरी पाहिजेत की साधे, कोपरापर्यंत की मनगटापर्यंत, मास्क कोणत्या प्रकारचा, ॲप्रन कशाचा, मापं कोणकोणती, हे सगळं कागदावर आलं पाहिजे. औषधाच्या डब्यासोबत जे माहितीपत्रक येतं त्यात कोणती साधनं वापरायची ते लिहिलेलं असतं. ते वाचा, कृषी सहायकांना विचारा, कृषी सखीला सोबत घ्या. प्रत्येक दुकानदाराकडून एक नमुना घ्या, त्यावर सही-शिक्का करून ग्रामसंघाच्या कपाटात ठेवा. ज्याचा नमुना पसंत नाही त्याला बोलीत घेऊच नका. माल आला की नमुन्याशी ताडून बघा, मगच पैसे.

दुसरी फसगत वाहतुकीची. वरच्या उदाहरणात २,१०० रुपये वाचले म्हणून आपण खूश झालो. पण माल यवतमाळहून गावात आणायला १,२०० रुपये गाडीभाडं लागलं तर हाती उरले ९००. त्यावर बिलात जीएसटी वेगळा लावला तर तेही गेले. तेव्हा बोली लावतानाच सांगा, "भाव पोहोच पाहिजे. आमच्या गावात, ग्रामसंघाच्या दारात, सगळा कर धरून, पक्क्या बिलासह." सगळ्यांचा आकडा एकाच अर्थाचा असेल तरच तुलना खरी.

एकटीला कुणी विचारत नाही

एक संच घ्यायला गेलेल्या बाईसाठी कोणताही दुकानदार बोली लावणार नाही. ६० संच म्हटले की तो फोन उचलतो. उलटा लिलाव चालतो तो एकत्र मागणीवर.

याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे उजाला योजनेचा एलईडी बल्ब. ही योजना ५ जानेवारी २०१५ ला देशभर सुरू झाली. सरकारी कंपनीने लाखो-कोटी बल्बांची मागणी एकत्र केली आणि उत्पादकांकडून कमी भावाच्या बोली मागवल्या. २०१४ मध्ये ज्या बल्बचा खरेदी भाव ३१० रुपये होता, तो २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. त्या काळात बल्ब बनवण्याचा खर्चही कमी होत होता, हे खरं. पण मोठी मागणी, बरेच उत्पादक आणि पुन्हा पुन्हा लागलेली बोली, यांचा त्यात मोठा वाटा आहे. आपल्या घरातला ७० रुपयांचा बल्ब असा आला.

आपण कोटी बल्ब घेणार नाही. पण एका ग्रामसंघात दहा-पंधरा समूह असतात. ताडपत्री, फवारणी पंप, शिलाई मशीन, पापडाचं यंत्र, पाकिटं, बरण्या यांची मागणी एकत्र करता येते. प्रभागसंघाने केली तर आणखी मोठी होते.

ग्रामसंघात हे कसं करायचं?

यासाठी वेगळं अ‍ॅप लागत नाही. फोन, वही आणि तीन-चार जणींची खरेदी समिती पुरते.

१. समूहाच्या बैठकीत कुणाला किती पाहिजे ते लिहून घ्या. आगाऊ थोडी रक्कम जमा करा. नुसतं "हो, घेऊ" यावर मागणी धरू नका. नंतर ६० चे ३५ झाले तर दुकानदाराचा विश्वास उडतो.

२. मालाचं वर्णन, संख्या, पोहोचवायची तारीख, पैसे कधी देणार, खराब निघाला तर बदलून किती दिवसांत, हे एका पानावर लिहा. तेच पान सगळ्यांना द्या.

३. निदान चार जणांकडून बंद दरपत्रक आणि नमुना घ्या. पाकिटं बैठकीतच सगळ्यांसमोर फोडा.

४. नमुने पसंत पडलेल्यांचीच बोली ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी घ्या. सगळ्या दुकानदारांना एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये टाकू नका. तिथे नावं दिसतात आणि मागच्या मागे बोलणं होतं. प्रत्येकाला वेगळा फोन करा आणि फक्त "सध्याचा सगळ्यांत कमी भाव इतका" एवढंच सांगा.

५. खोटा भाव कधीही सांगू नका. "दुसरा ४०० ला देतो" अशी थाप एकदा चालेल. पण व्यापारी एकमेकांना ओळखतात. पुढच्या वर्षी कुणी बोली लावायला येणार नाही.

६. प्रत्येक बोली वेळेसह वहीत लिहा. शेवटी ठराव करा आणि हरलेल्यांनाही फोन करून निकाल कळवा.

समितीतल्या कुणाच्या घरचं दुकान बोलीत असेल तर त्या ताईने त्या दिवसापुरतं समितीतून बाजूला राहायचं. यात अपमान नाही. उलट तिच्यावर नंतर बोट उठत नाही.

आणि सगळंच या पद्धतीने घेऊ नका. बियाण्यात भावापेक्षा खात्री महत्त्वाची. तिथे पक्कं बिल, पिशवी आणि टॅग जपून ठेवणं हेच मोठं काम, कारण उगवण झाली नाही तर तक्रारीला तेच लागतात. दुरुस्तीची कामं, रोजची किरकोळ खरेदी, यांतही बोलीचा उपयोग नाही. गावातला जो दुकानदार अडीनडीला उधार देतो, त्याला दोन रुपयांसाठी दरवेळी बोलीत ताणणं शहाणपणाचं नाही. त्याची उधारीसुद्धा एक सेवा आहे, आणि बोलीत ती धरली जात नाही.

आपण विकणार असू तेव्हा

जेम पोर्टलवर सरकारी कार्यालयं खरेदी करतात. तुम्ही-आम्ही घरच्यासाठी तिथून काही घेऊ शकत नाही. पण समूह तिथे विक्रेता म्हणून नोंदणी करू शकतो. महिला उद्योजक आणि समूहांसाठी २०१९ मध्ये वुमनिया आणि २०२० मध्ये सरस कलेक्शन असे उपक्रम जेमवर सुरू झाले.

पण इथे आपली जागा बदलते, हे ध्यानात ठेवा. आता भाव पाडणारे आपण नाही, आपलाच भाव पाडला जाणार. बोलीची भिशी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. दहा जणींचे हजार-हजार, म्हणजे १०,००० रुपये जमले. जिला दवाखान्याची निकड आहे ती म्हणते, "मला ९,००० च द्या." दुसरी म्हणते, "मला ८,५००." जी कमीत कमी घ्यायला तयार, तिला रक्कम. १,५०० रुपये तिने सोडले ते सगळ्यांत वाटले गेले. तोही उलटाच लिलाव. आणि त्यात सगळ्यांत जास्त सोडते ती सगळ्यांत जास्त गरज असलेली. जेमच्या बोलीतही तसंच होतं. ऑर्डर मिळालीच पाहिजे या घाईत समूह खाली खाली जातो आणि तोट्यात माल देतो.

म्हणून बोलीला बसण्याआधी आपला तळभाव काढा. समजा तिखटाच्या किलोमागे मिरची २१० रुपये, दळण-वीज १५, पाकीट १२, वाहतूक ८. झाले २४५. बऱ्याच जणी इथेच थांबतात आणि २५० ला परवडतं म्हणतात. पण देठं खुडणाऱ्या, वाळवणाऱ्या, पाकिटं भरणाऱ्या हातांची मजुरी कुठे गेली? ती ४० धरली तर तळ २८५ चा. घरची मेहनत फुकट धरली की भाव उतरतो आणि उतरलेला तो आपल्याच घामातून उतरतो. २८५ हा आकडा कागदावर लिहून समोर ठेवा. बोली त्याच्या खाली गेली की हात काढून घ्या. ऑर्डर गेली तर पुढची येईल. तोट्यात घेतलेली ऑर्डर मात्र समूहाचं खेळतं भांडवल खाऊन जाते, आणि पैसे मिळायला उशीर झाला तर कर्जाचा हप्ताही थकतो.

फोनवरची गळ

आता तिसरी जागा. फोनवर जाहिरात येते, "२०,००० चा मोबाइल फक्त ७ रुपयांत! सगळ्यांत कमी बोली लावा आणि जिंका." यालाही उलटा लिलाव म्हणतात. त्यातला नियम असा, की जी बोली सगळ्यांत कमी आहे आणि जी दुसऱ्या कुणीही लावलेली नाही, ती जिंकते. तुम्ही १ रुपया बोललात आणि आणखी एकीनेही १ रुपया बोलला, तर दोघी बाद.

इथे भाव कुठे उतरतो ते बघू नका, पैसे कुठे जातात ते बघा. समजा प्रत्येक बोलीचे १० रुपये कापले जातात आणि ३,००० बोली आल्या. चालवणाऱ्याकडे ३०,००० जमले. त्याने २०,००० चा मोबाइल दिला तरी १०,००० उरले. एकीला मोबाइल, बाकी सगळ्यांच्या हातात भोपळा. आणि ती एकजण तरी खरी आहे की नाही, हे आपल्याला कधीच कळत नाही. दुसरे काय बोलतात ते दिसत नसल्याने यात हुशारी चालत नाही. हा जुगारच, फक्त लिलावाचं नाव घेतलेला.

ओळखायची खूण एकच. खऱ्या उलट्या लिलावात बोली विकणारा लावतो आणि घेणाऱ्याचे त्यात पैसे जात नाहीत. जिथे घेणाऱ्या बाईलाच बोली लावायला सांगतात आणि दर बोलीला पैसे मागतात, तिथून उठा. विकणाऱ्याचं नाव, पत्ता आणि तक्रार कुठे करायची हे ठळक दिसत नसेल तर पैसे टाकू नका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ही माहिती देणं बंधनकारक आहे. "तुम्ही जिंकलात, ओटीपी सांगा" असा फोन आला तर तो ठेवून द्या. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. ऑनलाइन घेतलेल्या मालाची तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

येत्या बैठकीत एवढं करा. आपल्या ग्रामसंघाने मागच्या वर्षी एकत्र काय घेतलं, किती दुकानदारांना विचारलं आणि मालाचं वर्णन कुठे लिहून ठेवलं होतं का, हे वही उघडून बघा. दशसूत्रीत आपण हिशेब नीट ठेवायला शिकलो, त्याचा उपयोग इथेच आहे. या खरिपाआधी फवारणीच्या संचांची मागणी लिहून घ्यायला सुरुवात करा, आणि त्या कागदावर पहिली ओळ भावाची लिहू नका. पहिली ओळ हातमोज्याची लिहा.